वडिलांची सेवानिवृत्ती आणि मुलांचे कर्तव्य

(पुंडलिकनगर येथील विहाराच्या सभागृहात रविवार, दि. २ जून २०२४ रोजी झालेल्या सेवानिवृत्ती सत्कार समारंभात केलेले भाषण)





आज आमच्या वडिलांच्या सेवानिवृत्तीनिमित्त संस्थेने हा सत्कार घडवून आणला, त्याबद्दल आम्ही तिन्ही भावंडे संस्थेचे मनःपूर्वक ऋणी आहोत. मुलांच्या वतीने कोणीतरी दोन शब्द बोलावेत अशी कार्यकारिणीची सूचना होती. आम्ही तिघांनी बसून हे भाषण लिहिले आहे. वाचतो आहे थोरला, परंतु शब्द तिघांचे आहेत. त्यात आमच्या एका चुकीची कबुली आहे, आणि ती तिघांचीही आहे.

घरात आम्ही वडिलांना अण्णा म्हणतो. काल रात्री अण्णांनी आम्हाला बजावले, ‘माझी स्तुती करू नका. मी नोकरी केली, पगार घेतला.’ त्यांची आज्ञा आम्ही शक्य तेवढी पाळणार आहोत. परंतु ज्या मुलांना आपला बाप छत्तीस वर्षे नेमके काय काम करीत होता हे नीट सांगता येत नाही, त्यांनी बापाच्या गळ्यात हार घालणे हे आम्हाला लाजिरवाणे वाटते. म्हणून आधी त्यांच्या कामाविषयी बोलू, मग आमच्या चुकीविषयी.

कागदोपत्री अण्णांचा जन्म १ जून १९६६ चा. या सभागृहातील किती जणांची जन्मतारीख १ जून आहे, हात वर करा म्हटले तर निम्मे हात वर होतील! आमच्या आजीला अण्णांच्या जन्माची तारीख ठाऊक नव्हती. ‘पेरणीच्या आधी झाला’ एवढेच ती सांगे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी जूनची पहिली तारीख टाकली आणि मोकळे झाले. त्या वेळच्या बहुतेक खेड्यांत हीच रीत होती. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून अण्णा परवा, ३१ मे रोजी निवृत्त झाले. योगायोग असा की एसटीची पहिली गाडी धावली तीही १ जूनलाच. १९४८ साली, पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर. त्यामुळे अण्णा गमतीने म्हणत, ‘माझा आणि एसटीचा वाढदिवस एकच, फक्त ती माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठी.’

आमच्या मराठवाड्यात मात्र सरकारी मोटारगाडी त्याही आधी आली होती. निजामाच्या राज्यात १९३२ साली रेल्वे खात्याच्या अखत्यारीत २७ गाड्या आणि १६६ कर्मचारी घेऊन रस्ते वाहतूक सुरू झाली. पुढे मराठवाडा मुक्त झाला, १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६१ साली महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ स्थापन झाले. या महामंडळाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. पुण्याजवळ दापोडी, नागपूरजवळ हिंगणा आणि तिसरी आपली चिकलठाण्याची. अण्णांची हयात या तिसऱ्या कार्यशाळेत गेली.

आता ते तिथपर्यंत कसे पोहोचले ते थोडक्यात सांगतो.

अण्णांचे गाव पैठण तालुक्यातले. आजोबांना जमीन नव्हती. १९७२ च्या दुष्काळात आजी-आजोबा सरकारी कामावर रस्त्याची खडी फोडायला जात. सहा वर्षांचे अण्णा जवळच सावलीला बसून राहात आणि दुपारी मिळणारी सुकडी खात. त्या सुकडीची चव अजून जिभेवर आहे असे ते म्हणतात, आणि ती चांगली होती की वाईट असे विचारले तर म्हणतात, ‘भूक होती, तेवढं आठवतं.’ पुढे १९७८ साली विद्यापीठ नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात जे घडले ते येथील वडीलधाऱ्यांना आम्ही सांगावे असे नाही. त्या पावसाळ्यात आजोबांनी गाव सोडले. सोबत दोन भांडी, एक गोधडी आणि बारा वर्षांचे अण्णा. शहरात आल्यावर आजोबा हमालीला लागले आणि अण्णा नागसेनवनात शाळेला. बाबासाहेबांनी १९५० साली या शहरात महाविद्यालय काढले नसते, तर खडी फोडणाऱ्याच्या मुलाने खडीच फोडली असती, हे वाक्य आम्ही अण्णांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकले आहे.

दहावीनंतर अण्णांना पुढे शिकायचे होते, पण आजोबांचे गुडघे गेले होते. म्हणून त्यांनी आयटीआयला पत्राकामाचा ट्रेड घेतला. शिकाऊ उमेदवार म्हणून १९८८ साली चिकलठाण्याच्या कार्यशाळेत पाऊल ठेवले आणि परवा तेथूनच बाहेर पाऊल ठेवले.

मित्रहो, कार्यशाळेत नेमके काय चालते हे आम्हाला तरी कुठे ठाऊक होते? ‘एसटीत आहेत’ म्हटले की लोक विचारतात, ‘ड्रायव्हर की कंडक्टर?’ आम्हीही ‘कार्यशाळेत आहेत’ म्हणून विषय संपवीत असू. मागच्या महिन्यात हे भाषण लिहायचे ठरल्यावर आम्ही अण्णांना तीन रात्री गच्चीवर बसवून प्रश्न विचारले. आयुष्यात पहिल्यांदा विचारले. त्यातून जे कळले ते असे.

कारखान्यातून गाडी येते ती गाडी नसतेच. नुसता सांगाडा असतो, त्याला चेसिस म्हणतात. चाके, इंजिन, स्टिअरिंग आणि चालकाला टेकायला जेमतेम जागा. ऊन-वारा अंगावर घेत चालक ती शेकडो किलोमीटर चालवीत आणतो. मग कार्यशाळेत त्या चेसिसवर उभ्या-आडव्या पट्ट्यांचा पिंजरा उभा राहतो, खाली तळ बसतो, बाजूंना आणि छताला पत्रा चढतो, खिडक्या, काचा, दारे, आसने बसतात, विजेची जोडणी होते, आणि शेवटी तो लाल रंग. सुतार, लोहार, वेल्डर, पत्राकाम करणारा, रंगारी, वायरमन, गादीकाम करणारा, इतक्या हातांतून गेल्यावर ती ‘लालपरी’ होते. जुन्या झालेल्या गाड्याही येथेच येतात आणि पुन्हा नव्या होऊन जातात.

अण्णांचे काम रिव्हेट मारण्याचे, म्हणजे पत्रा पिंजऱ्याला कायमचा जोडण्याचे. भरीव रिव्हेट एकट्याने मारता येत नाही. एक जण बाहेरून गन लावतो, दुसरा आतून जड लोखंडी ठोकळा टेकवून धरतो. मध्ये पत्रा असतो, त्यामुळे दोघे एकमेकांना दिसत नाहीत. गनच्या आवाजात बोललेले ऐकू येत नाही. मग आतल्याने ठोकळ्याने पत्र्यावर एकदा टक् केले की ‘बसला’, दोनदा टक्-टक् केले की ‘पुन्हा मार’. अण्णा आणि त्यांचे जोडीदार एकोणीस वर्षे पत्र्याच्या अलीकडे-पलीकडे अशा खुणेने बोलत राहिले. ते जोडीदार आज पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांची जात वेगळी, प्रार्थनास्थळ वेगळे. पण अण्णा म्हणतात, ‘आतल्या माणसावर भरवसा नसेल तर गन धरणाऱ्याचा हात कापतो.’

रिव्हेट सैल राहिला तर काय होते? पहिल्या पावसात तेथून पाणी झिरपते. आतली पट्टी आणि खालचा तळ खराब होऊ लागतो. गाडी खडखडू लागते. आणि दैव न करो, गाडी उलटली तर जो पिंजरा माणसांना वाचवायचा तोच दगा देतो. एका गाडीत असे हजारो टाके असतात, त्यातला कोणता कोणी मारला हे कोणालाही कळत नाही. रिव्हेटवर नाव नसते. त्यामुळे सैल रिव्हेट सोडून देणे फार सोपे असते. अण्णांनी तो सोडला नाही, एवढीच त्यांची कामगिरी. तेवढ्यासाठी कोणी पुरस्कार देत नाही, आणि अण्णांनी मागितलाही नाही. तथागतांनी अष्टांगिक मार्गात ज्याला सम्यक आजीविका म्हटले, ती आम्ही पुस्तकात पाठ केली होती. ती रोज सकाळी सातच्या ठोक्याला डबा घेऊन आमच्याच घरातून बाहेर पडत होती, हे मात्र आमच्या लक्षात आले नाही.

लहानपणी एसटीने कुठे निघालो की अण्णा मुद्दाम शेवटच्या आसनावर बसत. आम्हाला त्याचा राग येई, कारण मागे गचके जास्त बसतात. ते डोळे मिटून ऐकत राहात आणि मध्येच म्हणत, ‘डावीकडची तिसरी खिडकी.’ उतरताना बोटाने पत्र्यावर टिचकी मारीत. आम्हाला वाटे, हे काय वेड! गच्चीवर विचारले तेव्हा कळले, ते आपलेच काम तपासत होते. मागे खडखड सर्वांत आधी कळते.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती सांगताना मान खाली जाते. अण्णांच्या गणवेशाच्या खिशात, बाह्यांच्या घडीत पत्र्याचा चमचमता कीस असे. लहानपणी आम्हाला त्याचे अप्रूप होते. मोठे झाल्यावर त्याचीच लाज वाटू लागली. आमच्यातल्या एकाने महाविद्यालयाच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे ‘कामगार’ न लिहिता नुसते ‘नोकरी’ असे लिहिले. दुसऱ्याने स्नेहसंमेलनाला येऊ नका असे आडून सुचवले. अण्णा आले नाहीत, आणि का येऊ नको असेही त्यांनी विचारले नाही. बाहेरच्यांनी आम्हाला हलके लेखले तेव्हा आम्ही मोर्चे काढले. घरात आम्ही स्वतः बापाच्या कष्टाला हलके लेखले, त्याचा मोर्चा कोणी काढायचा?

पुंडलिकनगरात आम्ही आलो तेव्हा ही गुंठेवारीची वस्ती होती. त्याआधी आई-अण्णा भाड्याच्या खोलीसाठी वणवण फिरले होते. खोली पसंत पडे, भाडे ठरे, मग आडनाव विचारले जाई आणि मग खोली ‘पाहुण्यांसाठी ठेवली आहे’ असे उत्तर मिळे. तिसऱ्यांदा असे झाल्यावर आई म्हणाली, ‘आता भाड्याची खोली नको. चार पत्र्यांची का होईना, आपली पाहिजे.’ वीस बाय तीसचा तुकडा घेतला. रस्ता नव्हता, नळ नव्हता, टँकरपुढे हंड्यांच्या रांगा होत्या. पावसाळ्यात चिखलातून चपला हातात घेऊन मुख्य रस्त्यापर्यंत जावे लागे. आईने शिलाई मशीन चालवून, फॉल-पिको करून घराच्या विटा आणल्या, हे आम्ही जाणूनबुजून सांगतो, कारण त्याचा संबंध पुढे येणार आहे. आणि ही अभ्यासिका, जिच्यात आज साठ मुले बसतात, तिची पुस्तकांची कपाटे अण्णांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी सुटीच्या दिवशी येथेच बसून तयार केली. विद्यार्थी मित्रहो, उद्या कपाट उघडताना एकदा त्याच्या रिव्हेटवरून बोट फिरवून पाहा.

आता आमच्या चुकीकडे वळतो.

मार्च महिन्यात अण्णांच्या फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे कागद घरी आले. त्या रात्री जेवणानंतर आम्ही तिघे बसलो आणि एका कोऱ्या कागदावर रकाने आखले. थोरल्याला घरावर दुसरा मजला चढवायचा होता. धाकट्याला दुकान टाकायचे होते. बहिणीला स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात दोन वर्षे राहायचे होते. तिन्ही कारणे चांगली होती. व्यसन नाही, चैन नाही. एकमेकांशी भांडलोही नाही, समजूतदारपणाने वाटणी केली. बेरीज बरोबर जुळली याचा आम्हाला आनंदसुद्धा झाला! सकाळी तो कागद अण्णांपुढे ठेवला.

अण्णांनी चष्मा लावला. पत्र्यावरून फिरवावे तसे बोट प्रत्येक रकान्यावरून फिरवले. आणि एवढेच म्हणाले, ‘ह्यात तुमच्या आईचं नाव कुठंय?’

आम्ही गप्प झालो. आईचा रकाना नव्हता. आणि खुद्द अण्णांचाही नव्हता. ज्याने छत्तीस वर्षे पैसा मिळवला आणि जिने त्यातून घर उभे केले, त्या दोघांना वगळून आम्ही बेरीज जुळवली होती.

अध्यक्ष महोदय, ही गोष्ट आमच्याच घरची असती तर आम्ही ती चव्हाट्यावर आणली नसती. परंतु हे भाषण लिहीत असताना या वस्तीतल्या अनेक घरी आम्ही बोललो आणि लक्षात आले की हे घरोघरी चालले आहे. बाप निवृत्त होण्याच्या आत त्याचा फंड खर्च झालेला असतो. कुठे लग्नात, कुठे गाडीत, कुठे मुलाच्या धंद्यात. सत्काराचे हार सुकण्याआधी बाप हात पसरू लागतो, आणि हे वाटपसुद्धा प्रेमानेच होते! म्हणूनच ते अधिक धोक्याचे आहे.

काही जण म्हणतील, निवृत्तिवेतन आहे ना? त्याचा हिशेब आपण सर्वांनी एकदा समजून घेतला पाहिजे. सरकारी कर्मचाऱ्याची पेन्शन वेगळी आणि भविष्य निर्वाह निधीखालच्या कामगाराची वेगळी. एसटी असो की वाळूज-चिकलठाण्याचा कारखाना, तेथील कामगाराला १९९५ च्या योजनेप्रमाणे निवृत्तिवेतन मिळते. मालकाच्या हिश्श्यातील ८.३३ टक्के रक्कम त्यात जाते. निवृत्तिवेतन काढताना पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे, असा साधारण नियम. पण तो पगारही खरा पगार नव्हे. बहुतेकांच्या बाबतीत २०१४ पासून १५,००० रुपयांचीच मर्यादा धरली जाते, आणि त्याआधीच्या वर्षांना ती आणखी कमी होती. म्हणजे आयुष्यभर राबलेल्या कामगाराच्या हातात दरमहा जे येते ते चार आकडीच असते, आणि त्यातलाही पहिला आकडा फार मोठा नसतो. तेव्हा ज्याला आपण ‘फंडाचा पैसा’ म्हणतो तो वरकड पैसा नव्हेच. आई-वडिलांची पुढल्या वीस वर्षांची भाकरी, औषध आणि मान एवढे सारे त्यातूनच यायचे असते.

या संदर्भात आपणा सर्वांना वंदनीय असलेल्या एका निवृत्त बापाची आठवण करणे उचित ठरेल. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. भीमराव अगदी लहान असतानाच ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतन महिना पन्नास रुपये, आणि घरात खाणारी तोंडे अनेक. म्हणून निवृत्तीनंतरही त्यांनी सातारा जिल्ह्यात कॅशियरची नोकरी धरली. त्यांनाच भेटायला निघालेली लहान मुले मसूर स्टेशनवर उतरली, निरोप वडिलांपर्यंत पोहोचलाच नव्हता, आणि पुढे रात्रभर तहानेने व्याकूळ होऊन त्यांनी जो बैलगाडीचा प्रवास केला, तो बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. मुंबईत परळच्या एका खोलीत रामजी पहाटे दोनला भीमाला अभ्यासाला उठवीत. पुस्तकासाठी पैसे नसले की लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा दागिना गहाण टाकीत, आणि पेन्शन आली की सोडवून परत देत.

येथे कोणी आम्हाला प्रश्न विचारील, आणि तो आम्ही स्वतःलाही विचारला. रामजींनी आपले सर्वस्व मुलावर खर्च केले. मग आमच्या वडिलांनी केले तर काय बिघडले? फरक असा आहे, मित्रहो. भीमराव शिकत होते, त्या वेळी ते कमावते नव्हते. शिकत्या मुलासाठी बाप कर्ज काढतो, ते त्याने स्वतः होऊन काढलेले असते. आमच्या अण्णांनीही ते काढले, आमच्या तिघांच्या शिक्षणाचे हप्ते त्यांच्या पगारातून गेले आहेत. आम्ही मात्र कमावते झाल्यानंतर, न विचारता, रकाने आखले. बापाने द्यावे हे प्रेम आहे. मुलांनी ते धरून चालावे हा बोजा आहे.

आणि भीमरावांचे पुढे काय झाले? १९१३ च्या जानेवारीत ते बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले. वडिलांची त्याला फारशी संमती नव्हती. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. मुंबईला परतताना वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते सुरत स्टेशनवर उतरले आणि गाडी चुकली. घरी पोहोचायला उशीर झाला. वडील जणू त्यांच्याचसाठी थांबले होते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले. पहिल्या कमाईतून बापाला खाऊ घालण्याची वेळ त्या थोर पुत्राला मिळाली नाही. आम्हाला ती मिळाली आहे. आमचे अण्णा आपल्यासमोर धडधाकट बसले आहेत. ही संधी रकाने आखण्यात घालवावी काय?

तथागतांनी राजगृहाजवळ सिगाल नावाच्या तरुणाला सहा दिशांना हात जोडताना पाहिले आणि त्याला दिशांचा खरा अर्थ सांगितला, ही कथा आपण वर्षावासात ऐकतो. पूर्व दिशा म्हणजे आई-वडील. ज्यांनी मला पोसले त्यांना मी पोसीन, त्यांची कामे करीन, कुळाचे नाव राखीन, वारशाला पात्र होईन, त्यांच्या पश्चात त्यांच्या नावे दान करीन, अशी मुलांची पाच कर्तव्ये त्यात आहेत. वारसा मिळवणे असे त्यात नाही. वारशाला पात्र होणे असे आहे. आणि आई-वडिलांच्या कर्तव्यांत मुलाला शिल्प म्हणजे हुन्नर शिकवावा आणि योग्य वेळी वारसा सोपवावा असे सांगितले आहे. ती योग्य वेळ कोणती, हे अर्थातच त्यांनी ठरवायचे.

अण्णांनी ठरवले ते असे. पहिला रकाना आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा. दुसरा, मोठा रकाना पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा. ही योजना साठीनंतरची असली तरी पंचावन्न ते साठ वर्षांच्या निवृत्त माणसाला निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिच्यात खाते काढता येते, हे येथील अनेकांना उपयोगी पडेल म्हणून सांगतो. दर तीन महिन्यांनी व्याज येईल, ते आई आणि अण्णा या दोघांच्या संयुक्त खात्यात. तिसरा रकाना बहिणीच्या पुण्याच्या शिक्षणाचा, कारण ती अजून शिकते आहे. आम्हा दोघा भावांना काहीही नाही. धाकटा हिरमुसला तेव्हा अण्णा म्हणाले, ‘दुकानाला बँकेचं कर्ज काढ. जामीन मी राहात नाही, पण शटरला पत्रा मी स्वतः ठोकून देईन.’ त्या क्षणी आम्हाला वाईट वाटले, हे खोटे कशाला बोलावे? पण आज वाटते, बापाने आम्हाला पैशापेक्षा मोठी गोष्ट दिली. तुम्ही आता आपल्या पायावर उभे आहात, हा विश्वास त्यांनी दिला.

समारोपापूर्वी संस्थेपुढे दोन नम्र सूचना ठेवतो. पहिली, आपल्या वस्तीत दरवर्षी कितीतरी कामगार निवृत्त होतात. त्यांना निवृत्तीच्या वर्षभर आधी बसवून फंड, ग्रॅच्युइटी, निवृत्तिवेतन, वारसनोंद, बचत यांची माहिती देणारा एक दिवस संस्थेने ठेवावा. त्या दिवशी पत्नीलाही बोलवावे. मुलांना बोलवले नाही तरी चालेल! दुसरी सूचना विद्यार्थ्यांना. सुटीत एक रात्र काढून आपल्या वडिलांना विचारा, आईला विचारा, की तुमचे काम नेमके काय, ते कसे करता, त्यात चुकते कुठे, चांगले झाले हे ओळखायचे कसे. वहीत लिहून ठेवा. आमच्याप्रमाणे अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत थांबू नका.

गेल्या काही वर्षांत ॲल्युमिनियमऐवजी पोलादी बांध्याच्या गाड्या आल्या. १ जून २०२२ रोजी, त्याच पुणे-अहमदनगर मार्गावर, विजेवर चालणारी ‘शिवाई’ धावली. अण्णांच्या हातचे पुष्कळसे काम आता भंगारात गेले असेल. आम्ही तसे म्हटल्यावर ते हसले आणि म्हणाले, ‘जायचंच. सगळंच अनित्य. चाललं तोवर गळलं नाही, बस्स.’ त्यांच्याच गावची एक मुलगी काही वर्षांपूर्वी मोफत पासवर रोज एसटीने शाळेला जात असे. आज ती परिचारिका आहे. ज्या रस्त्याची खडी तिच्या गावच्या बायांनी दुष्काळात फोडली, त्याच रस्त्यावरून ती गेली. तिच्या गाडीचा पत्रा कोणी जोडला हे तिला ठाऊक नाही, ठाऊक असण्याचे कारणही नाही. आम्हाला मात्र ठाऊक असले पाहिजे.

अण्णा, पुढच्या वर्षीच्या कोणत्याही फॉर्मवर तुमच्या व्यवसायापुढे आम्ही ‘निवृत्त कामगार, पत्राकाम’ असे स्पष्ट अक्षरांत लिहू. उद्या सकाळी सातला तुमचा डबा भरला जाणार नाही. आई म्हणाली आहे की सातला तुम्ही दोघांनी चहा प्यायचा आणि तो चहा आम्ही करायचा. पाळी लावली आहे. सोमवार थोरल्याचा.



जयभीम. नमो बुद्धाय.